तिपाईचा गुन्हा

मुंबईत सार्वजनिक जागी छायाचित्र घेण्यास परवानगी लागते काय, हे नियमापेक्षा कॅमेऱ्याखालच्या पायांवर ठरते, असा आमचा अनुभव आहे. अनंत चतुर्दशीस गिरगाव चौपाटीवर सहस्रावधी हात मोबाइल उंचावतात; त्यांस कोणी हटकत नाही. एरवी त्याच वाळूत कॅमेऱ्याची तिपाई रोवली, की विचारणा आलीच म्हणून समजावे.

रस्ता अडवून दिवे लावणाऱ्या चित्रपटवाल्यांनी महानगरपालिकेची व पोलिसांची अनुमती घ्यावी, हे रास्तच आहे. नौदलाच्या गोदीसारखी स्थळे १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली निषिद्ध, तेही मान्य. परंतु परळ-लालबागेतील गिरणीचे उरलेसुरले धुराडे टिपणारा हौशी मनुष्य कोणाची वाट अडवतो? गतवर्षी आम्ही पदपथाच्या कडेस असेच उभे होतो. रखवालदाराने कागद मागितला. तो कोठे मिळतो, हे त्या बिचाऱ्यासही ठाऊक नव्हते!

१८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चलच्चित्र घेतले. ती विद्या मुंबईस येऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. चलच्चित्रांचा कायदा तर १९१८ चा. आजच्यासारखे अर्ज त्यांच्यापुढे टाकले असते, तर त्यांनी कोणत्या रकान्यात काय लिहिले असते, कोण जाणे.

पदपथावरून, वाट न अडवता, धंद्यावाचून चित्र घेणाऱ्यास अर्ज नको, एवढे एक वाक्य प्रत्येक विभाग कार्यालयाच्या फलकावर मराठीत लिहावे. गिरगावातील चाळी पाडण्याचे काम आमच्या कागदासाठी थांबलेले नाही.