न साठवण्याची किंमत

व्हीपीएन उभा करणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. वायरगार्डचा कोड सुमारे ४००० ओळींचा. २०२०पासून तो लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. भाड्याचा सर्व्हर घेतला की संध्याकाळभरात काम होतं. मीही पाच-सहा मित्रमैत्रिणींसाठी असा एक चालवतो. पैसे घेऊन सगळ्यांसाठी सुरू करावा असं मनात आलं, तेव्हा हिशोब मांडला. सर्व्हरचं भाडं हा त्यातला सोपा आकडा निघाला. महाग पडतं ते काहीही न साठवणं.

एका आयपीमागे पाच-सहाच जण असतील, तर कोण ते ओळखायला वेळ लागत नाही. लपायला गर्दी लागते. पण गर्दीत एखादा स्पॅम पाठवणारा निघतोच. तक्रारी येतात, आयपी ब्लॅकलिस्टमध्ये जातो आणि बाकीचे कॅप्चा सोडवत बसतात. त्याला शोधायचं तर लॉग हवेत. लॉग नकोत, तर एकाची शिक्षा सगळ्यांना. स्वीडनच्या मुलवाडने २०२३मध्ये पोर्ट फॉरवर्डिंग अशाच गैरवापरामुळे बंद केलं. त्याआधी, २०२२मध्ये, दर महिन्याला आपोआप पैसे कापणारं सबस्क्रिप्शन थांबवलं. त्यासाठी ग्राहकाची माहिती ठेवावी लागत होती. हमखास येणारा पैसा असा कोण सोडतं? पण एप्रिल २०२३मध्ये पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन त्यांच्या ऑफिसात आले, तेव्हा रिकाम्या हाताने परत गेले. न्यायला काही नव्हतंच.

भारतात तो मार्ग नाही. एप्रिल २०२२मधल्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार व्हीपीएन देणाऱ्याला ग्राहकाचं नाव, पत्ता, त्याला दिलेला आयपी ५ वर्षं जपून ठेवावा लागतो. एक्स्प्रेसव्हीपीएनसारख्या कंपन्यांनी इथले सर्व्हर काढून नेले. ‘आम्ही काही ठेवत नाही’ असं लिहून मी धंदा केला असता, तर एक तर ग्राहकांशी खोटं बोललो असतो, नाही तर नियम मोडला असता. बेत सोडला.

एका मैत्रिणीने विचारलं, “आम्ही काय बघतो ते तुला दिसतं का?” एचटीटीपीएस असेल तर मजकूर दिसत नाही. पण कुठल्या सर्व्हरशी, कधी, किती वेळ, हे पाहायचं म्हटलं तर दिसतं. मी पाहत नाही, पण याला माझ्या शब्दापलीकडे पुरावा नाही. व्हीपीएन घेतला म्हणून विश्वास ठेवायचं टळत नाही. इंटरनेट देणाऱ्यावर ठेवायचा तो माझ्यावर ठेवावा लागतो, एवढंच.

तुमच्या फोनमधल्या फुकट व्हीपीएनलाही तिचा प्रश्न विचारून बघा. आणि जोडीला आणखी एक: सर्व्हरचं भाडं कोण भरतंय?