काम आठ मिनिटांचे, वाट महिन्यांची

‘‘माल कधी देताय?’’ हा प्रश्न माझ्या मामेभावाच्या घरी दिवसातून किती वेळा फोनवर येतो, त्याची गणती नाही. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत दादाचे छोटेसे वर्कशॉप आहे. एक जुना लेथ, एक सीएनसी मशीन आणि चार कामगार. बाजारात आयते मिळत नाहीत असे सुटे भाग तो कारखान्यांना त्यांच्या ड्रॉईंगप्रमाणे बनवून देतो. चलने, बिले, बँक हे सारे वहिनी पाहतात.

ऑफिसच्या कामाने पुण्याला गेले, की माझा मुक्काम त्यांच्याकडेच असतो. त्यामुळे एका ऑर्डरची सारी वाटचाल मला जवळून पाहायला मिळाली. पॅकिंगची मशीन बनवणाऱ्या एका कंपनीला ६० शाफ्ट हवे होते.

ड्रॉईंग आले ते मोबाईलवर काढलेल्या फोटोच्या रूपात. त्यातला एक आकडा पुसट होता, तीन की आठ ते कळेना. दादाने अंदाज बांधला नाही. फोन करून विचारले आणि उत्तर लेखी मागवले. ‘‘एक आकडा चुकला, तर साठच्या साठ भंगारात जातात आणि भुर्दंड आपल्याच माथी बसतो,’’ तो म्हणाला.

शाफ्टचा व्यास २० मिलिमीटर होता आणि त्यात चूक चालणार होती फक्त १३ मायक्रॉनची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी सूट!

ऑर्डर पक्की झाली, पण आगाऊ रक्कम मिळाली नाही. पोलादाचा व्यापारी तर रोख पैसे घेतल्याशिवाय बार देत नाही. तेव्हा वहिनींनी आपल्या चार बांगड्या बँकेत तारण ठेवल्या. याची वाच्यता त्यांनी केली नाही. मोकळे हात पाहून मीच विचारले, तेव्हा कळले.

मला वाटत होते, वेळ लागतो तो मशीनवर. प्रत्यक्षात मशीनची मांडणी करायला अर्धा दिवस गेला आणि पुढे एकेक शाफ्ट आठ मिनिटांत उतरू लागला. साठ शाफ्ट म्हणजे जेमतेम एका पाळीचे काम.

मग तीन आठवडे कुठे गेले? पहिला नमुना कंपनीकडे पाठवून मंजुरी मिळेपर्यंत मशीनवर दुसरे काम लावता येईना. नंतर माल हार्डनिंगसाठी बाहेर गेला. तिथली भट्टी पुरेसा माल जमल्यावरच लावतात, म्हणून तिथे थांबणे आले. उष्णतेने शाफ्ट किंचित वाकतो, फुगतो. म्हणून आधी व्यास थोडा जास्त ठेवायचा आणि मग ग्राइंडिंग करून नेमक्या मापावर आणायचा. ग्राइंडिंगवाल्याकडेही रांग होतीच. त्यात गुरुवार आला, म्हणजे भोसरीची साप्ताहिक सुट्टी.

शेवटची तपासणी वहिनींनी केली. त्या बी. कॉम. आहेत, पण मायक्रोमीटर त्यांच्या हाती पोळपाट-लाटण्याइतका सराईत झाला आहे. मशीनवरून उतरलेला गरम तुकडा त्या मोजत नाहीत. पोलाद उष्णतेने फुगते आणि निवाल्यावर माप काही मायक्रॉनने कमी भरते. दोन शाफ्ट त्यांनी बाजूला काढले. राखीव म्हणून तीन जास्त बनवले होते, त्यातून भरती झाली. प्रत्येक शाफ्टला तेल लावून, कागदात गुंडाळून माल टेम्पोत चढला. ठरल्या दिवशी पोचलाही.

मला वाटले, संपले. वहिनी म्हणाल्या, ‘‘पैसे आले की संपले म्हणायचे.’’

लेखी ठरले होते ३० दिवस. ४५ झाले, ६० झाले, ९० झाले. कंपनीचे उत्तर एकच : ‘‘आमचेच पैसे अडकलेत.’’ मालाबद्दल एका शब्दाची तक्रार नव्हती. इकडे बांगड्यांवरचे व्याज मात्र चढत होते.

२००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार, अशा नोंदणीकृत लहान उद्योगाचा माल स्वीकारल्यावर लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात. ही मुदत ४५ दिवसांहून अधिक ठेवता येत नाही. लेखी काही ठरलेच नसेल, तर १५ दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. राज्याच्या सुविधा परिषदेकडे दादही मागता येते.

दादाला हे सगळे ठाऊक होते. ‘‘पण तक्रार केली, की पुढची ऑर्डर गेली,’’ तो म्हणाला.

‘‘आणि नाही केली, तर ही फुकट गेली,’’ वहिनी शांतपणे म्हणाल्या.

दोघांचेही खरे होते. चार कामगारांचे पगार आणि मुलीची कॉलेजची फी त्याच कंपन्यांच्या ऑर्डरवर चालत होती. शेवटी वहिनींनी तक्रार न करता एक पत्र लिहिले. ऑर्डरचा क्रमांक, माल स्वीकारल्याची तारीख, थकलेली रक्कम आणि कायद्यातील तरतूद. एकही कडवट शब्द नाही. अकराव्या दिवशी पैसे आले. व्याज आले नाही, ते यांनी मागितलेही नाही. बांगड्या सुटल्या. त्या कंपनीची ऑर्डर मात्र पुन्हा आली नाही.

आता दादाच्या कोटेशनवर एक ओळ ठळक छापलेली असते : कच्च्या मालाची रक्कम आगाऊ. ते वाचून दोन ग्राहक परत गेले. तिसऱ्याने पैसे भरले आणि तो अजून टिकून आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुणी खरेदी विभागात असेल, कुणी हिशेब खात्यात. टेबलावर एखाद्या छोट्या वर्कशॉपचे बिल सहीसाठी पडले असेल, तर ते आजच पुढे सरकवा. माल वेळेवर मागण्याचा आपला हक्क आहेच, पण त्या मालासाठी कुणाच्या तरी हातातल्या बांगड्या बँकेत गेलेल्या असू शकतात.