सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे

मुलीची अकरावी-बारावी म्हणजे साऱ्या घराचीच परीक्षा! मागच्या सुट्टीत भिलाईला ताईकडे गेले, तेव्हा याचा प्रत्यय आला. १९५५च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याचं हे गाव. भावजी तिथलेच नोकरदार. पण भाचीचं रसायनशास्त्र काही पुढे सरकेना. तिच्या हिंदी पुस्तकात ‘प्रबल’ आणि ‘दुर्बल’ असे शब्द, तर मी शिकले ‘तीव्र’ आणि ‘सौम्य’. तिचा प्रश्न होता, “मावशी, ॲसिडमध्ये भरपूर पाणी घातलं की ते दुर्बल होतं ना?”

नाही! घोटाळा नेमका इथेच होतो. पाणी घातल्यानं द्रावण विरल होतं, आम्लाचा स्वभाव बदलत नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पडताच त्याचे जवळजवळ सगळे रेणू फुटून आयन होतात, म्हणून ते तीव्र. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाच्या हजार रेणूंपैकी जेमतेम पाचेक फुटतात, म्हणून ते सौम्य. वीज वाहून नेतात ते आयनच.

मग आम्ही स्वयंपाकघरातच प्रयोग मांडला. नऊ व्होल्टची बॅटरी, रेझिस्टन्स जोडलेला छोटा एलईडी आणि दोन तारा. (घरातल्या प्लगची वीज यासाठी कधीही वापरू नये.) मिठाच्या पाण्यात दिवा लख्ख लागला, व्हिनेगरमध्ये मिणमिणला, साखरेच्या पाण्यात लागलाच नाही. भाचीचा चेहरा मात्र उजळला!

पाठ करायचं फारसं नाही. हायड्रोक्लोरिक, नायट्रिक, सल्फ्युरिक अशी मोजकी आम्लं, सोडियम-पोटॅशियमची हायड्रॉक्साइडं आणि पाण्यात विरघळणारे बहुतेक क्षार तीव्र. ॲसेटिक आम्ल आणि अमोनिया सौम्य. साखर कोणत्याच गटात नाही.

एक गोष्ट मात्र गृहिणींनीही ध्यानात ठेवावी. सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. हायड्रोफ्लोरिक आम्ल पुस्तकात सौम्य, पण ते त्वचेतून आत शिरून जीवही घेऊ शकतं. संहत ॲसेटिक आम्लानंही कातडी भाजते. तेव्हा बाटली सौम्य आम्लाची असली, तरी मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आयनांची ही कल्पना मांडणाऱ्या स्वांते अऱ्हेनियसच्या १८८४च्या प्रबंधाला विद्यापीठानं अगदी खालची श्रेणी दिली होती. १९०३ साली त्यालाच नोबेल मिळालं! मुलांच्या गुणपत्रिकेवर ‘दुर्बल’ असा शिक्का मारण्याआधी आपण एवढं आठवलं, तरी पुरे.