एका कलमतराशाची हकीकत

इ. स. 1795 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत डॉ. जॉर्ज पिअर्सन या वैद्य आणि रसायनशास्त्रज्ञाचा जो दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या ओघात एका सुरीचा मजकूर अवघ्या चार-दोन वाक्यांत येऊन जातो; परंतु राजेरजवाड्यांच्या रत्नजडित कट्यारींपेक्षा मला त्या एवढ्याशा सुरीचे मोल नेहमीच अधिक वाटत आले आहे. आदल्या वर्षी मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे ‘वूट्झ’ नावाच्या हिंदी पोलादाचे काही नमुने रवाना केले होते. पिअर्सनने ते तोलले, तापवले, आम्लात विरघळवून पाहिले. आणि खुद्द अध्यक्षांच्या इच्छेवरून, वस्तरे व शस्त्रक्रियेची हत्यारे घडवणाऱ्या जेम्स स्टोडार्ट नावाच्या कारागिराने त्यातल्या एका तुकड्याचा कलमतराश, म्हणजे लेखणी तासायची सुरी, घडवला. घडवण्यास कष्ट फार पडले, तरी त्याची धार उत्तमातल्या उत्तम पोलादी सुरीच्या तोडीची उतरली, आणि कित्येक कामांसाठी हे पोलाद इंग्लंडात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही पोलादाहून सरस आहे असा अभिप्राय स्टोडार्टने दिला.

मला थांबायला लावतो तो या नोंदीतला एक तपशील. अंधारात लोखंड जेमतेम उजळू लागते, तेवढ्याच उष्णतेवर स्टोडार्टने ते पाते ठोकले, असे पिअर्सनने लिहून ठेवले आहे. वाचणारा रसायनज्ञ हे वाक्य ओलांडून पुढे जाईल. भात्यापाशी बसणाऱ्या माणसाला मात्र तिथे सगळी कथा सापडते. साधे लोखंड नारिंगी-पिवळ्या आचेवर मेणासारखे वळते. पण ज्या पोलादात शेकडा दीडच्या आसपास कार्बन आहे ते त्या आचेवर नेले, तर त्याच्या कणाकणांमधली बंधने आतल्या आत वितळू लागतात, आणि पहिल्याच घावासरशी पाते भुसभुशीत होऊन ऐरणीवर विखुरते. उलट ते फार थंड ठोकावे, तर घण उसळून परत येतो आणि कडेला केसासारख्या बारीक चिरा पडतात, ज्या पाणी देण्याच्या वेळेपर्यंत डोळ्यांना दिसतही नाहीत. या दोन संकटांमधली वाट फार अरुंद आहे. माझ्या भट्टीच्या खिडक्या मी भर दुपारीही लावून घेतो त्या याचसाठी, कारण उन्हाच्या उजेडात लाली फसवते, आणि काळसर झालेले वाटणारे पाते वस्तुतः चेरीच्या रंगावर असते. सांडशीत धरलेल्या पात्याची लाली टोकाकडून आधी मावळते. ती मावळताना घणाचा बद्द आवाज खणखणीत होऊ लागतो. आणि तो पुरता खणखणीत होण्याच्या आत पाते पुन्हा आचेला गेले पाहिजे. मग पुन्हा चार घाव, पुन्हा आच. इंग्लिश लोहारांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीविरुद्ध स्टोडार्टने हा संयम केवळ पोलादाच्या वागणुकीवरून ओळखला, याला मी विद्वत्ताच म्हणतो.

पिअर्सनच्या निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होणारे म्हणून नोंदले गेले. पण त्याच्या ज्या भट्ट्या प्रवाशांनी प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवल्या, त्या म्हैसूर, सालेम आणि तेलंगणातील कोनासमुद्रम अशा आतल्या मुलखातल्या. ओंजळीत मावेल एवढ्या मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे, त्यांच्यासोबत तरवडीच्या वाळल्या काड्या, वरून हिरवी पाने, आणि तोंड चिखलाने लिंपून बंद. अशा मुशींची उतरंड रचून भात्यांच्या वाऱ्यावर तासन्‌तास आच द्यायची, आणि निवाल्यावर मूस फोडून आतली पोलादाची वडी काढायची. आपल्या माळावर पिवळ्या फुलांनी डवरणारी, चामडे कमावणारेच काय ते जिची कदर करीत, ती तरवड पोलादाला कार्बन पुरवीत होती! या वड्या इराणपर्यंत जात, तिथे त्यांची पाती होत, आणि लहरींच्या नक्षीची ती पाती दिमिष्कच्या, म्हणजे दमास्कसच्या, नावाने जगभर वाखाणली जात. तलवारीवर कधी पाते घडवणाऱ्याची मुद्रा आढळते, धन्याचे नाव तर पुष्कळदा. मूस लिंपणाऱ्याचे नाव कोणत्याही दप्तरात नाही. याचे मला मनापासून दुःख आहे.

स्टोडार्टच्या नशिबी याहून बरे आले, आणि त्याचे श्रेय मायकेल फॅराडे यांना आहे. लोहाराच्या पोटी जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने 1819 मध्ये वूट्झचे पृथक्करण केले आणि त्याचे गुण त्यातल्या ॲल्युमिनाच्या अंशामुळे आहेत असा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष पुढे टिकला नाही. पण त्याच्या मागे लागून दोघांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम मिसळून पाहिले, पाचशे भाग पोलादाला एक भाग चांदीचे मिश्रण शेफील्डच्या भट्ट्यांपर्यंत नेले, आणि मिश्र पोलादाच्या शास्त्राचा तो आरंभच ठरला. 1823 मध्ये स्टोडार्ट वारला, आणि फॅराडेंचे मनही लवकरच पोलादावरून इतर विषयांकडे वळले. त्यांनी जपून ठेवलेल्या 79 नमुन्यांची पेटी सर रॉबर्ट हॅडफील्ड यांच्यासारख्या पोलादतज्ज्ञाने एक शतक उलटल्यावर तपासली आणि 1931 मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. मात्र 1820 चा जो संयुक्त निबंध आहे, त्यावर कारागिराचे नाव आधी आहे, फॅराडेंचे नंतर.

लहरींच्या नक्षीचा उलगडा होण्यास त्यापुढे आणखी पावणेदोनशे वर्षे लागली. फ्लॉरिडातील आल्फ्रेड पेंड्रे हा घोड्यांना नाल ठोकणारा लोहार मुशीत पोलाद गाळून सुऱ्या घडवीत असे, आणि आयोवा स्टेट विद्यापीठातील प्राध्यापक जॉन व्हर्हूवेन त्या सुऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. विशिष्ट खनिजातून आलेल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंश पोलादात हवा, आणि तो असूनही नक्षी एका तापवणीत उमटत नाही. बेताच्या आचेवर पाते पुन्हा पुन्हा तापावे, ठोकले जावे, निवावे, तेव्हा कार्बनयुक्त कठीण कण हळूहळू पट्ट्यांत गोळा होतात, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे पोलाद विखुरू नये म्हणून जी मंद आच धरायची, तीच नक्षी घडवीत होती. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधावर तीन नावे आहेत, आणि प्राध्यापकांच्या नावालगतच त्या नालबंदाचे नाव छापलेले आहे.