चुंचीचा धबधबा

समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीच्या पठारावर, कोणत्याही महानदीचा आश्रय न घेता वसलेल्या बंगळूर शहरात येऊन स्थायिक झालेल्या मराठी माणसाला, ज्याच्या मनात कृष्णा-गोदावरीच्या घाटांनी कायमचे ठाण मांडलेले असते, ह्या मुलुखाला नदीच नाही असे आरंभी वाटते; आणि ही समजूत पावसाळा ओसरल्यावर अर्कावतीच्या काठाने, प्रवाहाच्या उलट दिशेने, चालत गेल्यावाचून फिटत नाही.

नंदीदुर्गाच्या डोंगरात उगम पावून, शहराला पश्चिमेकडून वळसा घालून, ही नदी कनकपुराच्या पलीकडे संगम येथे कावेरीला मिळते. शहाजीराजांच्या जहागिरीतला बंगळूरचा कसबा तळ्यांच्या पाण्यावर जगला. पुढे १८९४ मध्ये हेसरघट्टा येथे आणि १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी येथे अर्कावतीलाच अडवून वाढत्या शहराची तहान भागवण्यात आली. त्या उपकाराची आठवण आज फार थोड्यांना आहे.

संगमाकडून वर चढू लागले की दोन्ही तीरांवर अर्जुनवृक्षांचे पांढुरके, भव्य बुंधे भेटतात, आणि त्यांच्या मुळांखालून पाणी इतक्या संथपणे सरकते, की पुढे कोठे तरी हीच नदी कड्यावरून उडी घेत असेल ह्यावर विश्वास बसू नये. मग पात्र अरुंद होते, खडक वर येतो आणि चाल मंदावते. निघोजला कुकडीने काळ्या कातळात जे रांजणखळगे कोरले, त्याच जातीचे शिल्प येथे अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या, करड्या-गुलाबी पट्ट्यांच्या पाषाणात घडलेले पाहून, सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या मनाला आप्त भेटल्यासारखे होते. पाण्याचा घोष प्रथम पायांखालच्या शिळेतून जाणवतो, मग कानांना ऐकू येतो. आणि एका वळणाशी चुंची समोर उभी राहते, शिळांच्या पायऱ्यांवरून फुटत, पुन्हा एकवटत, खालच्या डोहात कोसळणारी. ते दर्शन निःसंशय रमणीय आहे.

परंतु डोहाच्या कडेला पांढरा फेस साचलेला असतो, आणि वारा फिरला की त्याचा दर्प नाकाशी येतो. ह्या फेसाचा माग काढला तर तो थेट आमच्या स्नानगृहांपर्यंत पोहोचतो. शिवनसमुद्राच्या परिसरातून उचललेले कावेरीचे पाणी, १९७४ पासून, सुमारे शंभर किलोमीटर अंतर आणि पाचशे मीटर उंची पंपांच्या बळावर ओलांडून बंगळुरात येते. त्याचे नळ ज्या कनकपुरा रस्त्याने वर चढतात, त्याच रस्त्याने आपण धबधबा पाहायला खाली उतरतो. शहराच्या पश्चिम भागाने वापरून टाकलेले ते पाणी, बसवनगुडीच्या नंदीमंदिरापाशी जन्मलेल्या वृषभावतीत पडते. वृषभावती ते अर्कावतीच्या स्वाधीन करते आणि अर्कावती चुंचीवरून खाली सोडून पुन्हा कावेरीच्या पदरात घालते. उगमाकडचे ओढे आटलेले, वरची धरणे भूतकाळावर जगणारी. तेव्हा कोरड्या दिवसांत ह्या प्रपातात जे कोसळते, त्यात मेघांच्या दानापेक्षा नागरिकांच्या सांडपाण्याचा वाटाच मोठा असतो. जी नदी आपण इतक्या खर्चाने वर आणतो, तिला अशा अवस्थेत परत पाठवणे हा मला कृतघ्नपणा वाटतो, आणि खालच्या तीरांवर गुरे पाजणाऱ्या व शेत भिजवणाऱ्या माणसांशी केलेला उघड अन्याय वाटतो.

चुंचीला अवश्य जावे. मात्र वाचकाला माझी विनंती अशी, की निघण्यापूर्वी एकदा म्हैसूर रस्त्यावर केंगेरीपाशी उतरून वृषभावतीचे पात्र डोळे भरून पाहावे, आणि परतल्यावर आपल्या इमारतीचे सांडपाणी शुद्ध होऊन बाहेर पडते की तसेच, ह्याची लेखी चौकशी पाणीपुरवठ्याच्या दप्तरी करावी.