आखणीचा मोह

गणपतीच्या मूर्तिकामात सर्वांत अवघड असते ती डोळ्यांची आखणी. पेण, हमरापूर, जोहे या भागातल्या कारखान्यांत साचा, घडाई, रंगकाम अनेक हातांत वाटले जाते; आखणी मात्र मुरलेला कारागीर स्वतःकडे ठेवतो. बारीक कुंचल्याची रेघ एका दमात यावी लागते. ती देखणी यावी या ओढीने हात आवळला, की बुबुळ किंचित सरकते आणि समोरच्याकडे पाहणारी मूर्ती भलतीकडे पाहू लागते. फळाची आशा कामात शिरते ती इथे, मनगटात.

गीतेच्या अठराव्या अध्यायातला 26 वा श्लोक सात्त्विक कर्त्याकडून आसक्ती आणि मीपणा सोडण्याची अपेक्षा करतो. त्याच श्लोकात धृती आणि उत्साहही मागितला आहे. हा दुसरा भाग फार लोक विसरतात. दोनच श्लोक पुढे आळशी, चालढकल करणारा कर्ता तामस ठरतो. तेव्हा ढिसाळ आखणीवर खडे चिकटवून मूर्ती खपवणाऱ्याला अनासक्त म्हणता येत नाही. अशा मूर्तींचे बाजारात कितीही कौतुक होवो, ती कलेची घसरणच आहे. 1893 पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्यात पुढाकार घेणाऱ्या टिळकांनीच मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले. 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचा सगळा भर कर्म न टाकता फलाशा टाकण्यावर आहे.

मूर्तिकाराची आसक्ती मूर्तीत फारशी नसते. शाडू पाण्यात विरघळणार, हे पहिला गोळा मळतानाच ठरलेले असते. ती असते नावात: डोळे पाहताच कारखाना ओळखला जावा, या इच्छेत. उतारवयात हात कापू लागला की आखणी शिष्याकडे द्यावी लागते आणि ही इच्छा उघडी पडते. शिष्याने काढलेली नजर शांत, प्रसन्न असली तरी गुरू ती पुसायला लावतो. कारण दोषाचे सांगितले जाते. खुपत असते ते त्या रेघेत आपण नसणे.

दोन्ही बुबुळे एकाच जागी पाहतात का, पापण्यांची जाडी सारखी आहे का, हे तपासणे गुरूचे कर्तव्यच आहे. भुवईचा बाक आपल्यासारखा नाही म्हणून ती पुसायला लावणे मात्र त्या कर्तव्यात बसत नाही. कुंचला खाली ठेवल्यावरही ही खोड अनेक वर्षे टिकते.