पूट
सेक्टर २२ हा चंडीगडमध्ये प्रथम वसलेल्या विभागांपैकी एक. त्याच्या वास्तुरचनाकारांतले पिएर जानरे यांनी सुखना तलावासाठी होड्याही रचल्या. घर काय, होडी काय, खिडकीने उजेड आत घ्यावा. ऊन वा पाणी बाहेर रोखावे. शिडाच्या होडीवर बिजागऱ्या कांस्याच्या का, याचे उत्तर समुद्र देतो. खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त विरघळून धातू ठिसूळ होतो. कांस्य हिरवट पूट धरून टिकते. ते पूट खरवडणारा हात कवचच काढून घेतो. जुन्या साहित्यकृतींची चिकित्सा करताना हाच प्रश्न मला आयुष्यभर छळत आला आहे : मळ कोणता आणि कवच कोणते? जानरे यांची रक्षा १९७० साली सुखनातच विसर्जित झाली. त्यांच्या काळच्या घरांना नव्या खिडक्या बसविणाऱ्यांनीही तो स्वतःला विचारावा.